मीटर पळते, पाणी चढते का? : पी-ग्लायकोप्रोटीनच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा प्रकल्प आजपासून रबाळे औद्योगिक वसाहतीतील एका लहान प्रयोगशाळेत सुरू झाला. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोलीनंतरचे स्थानक रबाळे असल्याने प्रवासाचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो विषय नेमका कुठे थांबवायचा याचा.

विषय आहे पी-ग्लायकोप्रोटीन, म्हणजे माणसाच्या पेशीपटलात बसलेले १२८० अमिनो आम्लांचे एक वाहक प्रथिन. १९७६ मध्ये जुलियानो आणि लिंग यांना ते कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत आढळले, आणि औषध पेशीत शिरू देण्या-न देण्याशी त्याचा संबंध दिसल्याने पर्मिएबिलिटी या शब्दाचे आद्याक्षर त्याला मिळाले. कर्करोगाच्या पेशी एकाच वेळी अनेक औषधांना का जुमानत नाहीत, याच्या उत्तराचा एक भाग हे प्रथिन आहे. मात्र ते केवळ रोगाच्या वेळी उगवत नाही. आतड्याच्या अस्तरात, यकृतात, मूत्रपिंडात, वारेत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत ते निरोगी माणसातही सतत असते, आणि नको असलेले रेणू बाहेर टाकत राहते. या कामासाठी ते एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे इंधन, जाळते. ते किती जाळते आणि त्या बदल्यात काय करते, हे दोन प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत. आज तरी ते मला एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटतात.

९ जानेवारी, गुरुवार

पेशीपटलांच्या कुप्या कोरड्या बर्फात आल्या व उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. मानवी जनुक विषाणूच्या मदतीने एसएफ-९ या कीटकपेशींत घालून, प्रथिन तयार झाल्यावर त्या पेशी फोडून ही पटले वेगळी केलेली असतात. या पेशींचे मूळ म्हणजे मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी, जी २०१८ पासून आपल्याकडील मका उत्पादकांच्या डोक्याला ताप झाली आहे. ज्या किडीवर गावाकडे फवारणी चालते, तिच्याच कोषातील पेशींची दूरची वंशावळ इथे माणसाचे प्रथिन बनवून देते, हे मला मोठे गमतीचे वाटले.

सोबत नियंत्रणासाठी दुसरी पटलेही घेतली आहेत. त्यांत मानवी पंप नाही, बाकी सर्व तेच. जेलवर तपासले असता मानवी पटलांच्या रांगेत सुमारे १४० किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टा दिसला आणि नियंत्रणाच्या रांगेत तो नव्हता. माणसाच्या पेशीत हेच प्रथिन साखरेच्या साखळ्या लागल्यामुळे १७० च्या आसपास दिसते; कीटकपेशी त्या साखळ्या पुरत्या लावत नाहीत. वाहतुकीच्या कामात याने मोठा फरक पडत नाही, म्हणून पुढे जायला हरकत नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज दिवसभर फक्त बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारी द्रावणे. ऐकायला कंटाळवाणे असले तरी प्रयोगाचा खरा विचार इथेच आहे.

एटीपीचा एक रेणू तुटला की एक फॉस्फेट सुटतो. तो फॉस्फेट मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाबरोबर निळा रंग देतो आणि त्या रंगाची गडदता प्लेट रीडरवर ८५० नॅनोमीटरला मोजता येते. पद्धत सरळ आहे, पण फॉस्फेटच्या अंगावर तो कोणी सोडला हे लिहिलेले नसते. पेशीपटलांच्या त्याच थेंबात एटीपी खाणारे इतरही अनेकजण आहेत. सूत्रकणिकांच्या तुकड्यांतील एन्झाइम आहे, त्याला सोडियम अझाइड थोपवते. सोडियम-पोटॅशियम पंप आहे, त्याला उआबेन थोपवते. कॅल्शियमचा पंप आहे. ईजीटीए घालून कॅल्शियमच काढून घेतले की तो आपोआप बसतो. एवढे करूनही जे उरते त्यासाठी प्रत्येक नमुना दोनदा लावायचा, एकदा व्हॅनेडेटशिवाय आणि एकदा व्हॅनेडेटसह. पी-ग्लायकोप्रोटीन व्हॅनेडेटने थांबते. म्हणून दोन वाचनांतील फरक तेवढा आपल्या पंपाचा मानायचा.

एक सावधगिरी वहीत ठळक लिहून ठेवली: रंगाचे द्रावण आम्लयुक्त आहे आणि अझाइडवर आम्ल पडले की विषारी वायू सुटतो. त्यामुळे शेवटची पायरी धुरांड्याखालीच करायची, घाई असली तरी.

१७ जानेवारी, शुक्रवार

पहिली प्लेट, म्हणजे छोट्या खळग्यांची ताटली, पूर्ण वाया गेली. ज्या खळग्यांत पटले घातलीच नव्हती, तेही गडद निळे झाले.

२१ जानेवारी, मंगळवार

चार दिवस फॉस्फेटच्या मागावर गेले. आधी संशय एटीपीवर होता, कारण वारंवार वितळवून पुन्हा गोठवलेले एटीपी स्वतःहूनही थोडे तुटते. नवीन एटीपी बनवले. निळेपणा किंचित उतरला, पण गेला नाही. मग नुसते पाणी आणि नुसता बफर रंगवून पाहिला. काचेच्या बाटलीतला बफर निळा झाला आणि थेट प्लास्टिकच्या नळीत बनवलेला तोच बफर जवळजवळ रंगहीन राहिला.

प्रयोगशाळेतल्या काकांना विचारले तेव्हा ते कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, "ताई, तुमच्या बाटल्या मी मुद्दाम नवीन पावडरने चकाचक केल्यात." त्या पावडरीत फॉस्फेट होते. त्यांचा यात काडीचाही दोष नाही, बाटल्या कशाने धुवाव्यात हे मीच सांगितले नव्हते. यापुढे या प्रयोगाची भांडी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून, ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा धुऊन वेगळ्या खणात ठेवली जातील आणि बफर शक्यतो नव्या प्लास्टिकमध्येच राहील.

२७ जानेवारी, सोमवार

रिकामे खळगे आता फिकट आहेत, पण नवी अडचण आली. व्हॅनेडेट घालूनही पंप अर्धवटच थांबतो. माझे द्रावण सुंदर पिवळे दिसत होते आणि तो पिवळेपणाच दोष निघाला. व्हॅनेडेटचे सुटे आयन एकमेकांना चिकटून दहा-दहांचे पुंजके बनले की द्रावणाला हा रंग येतो, आणि पुंजका पंपाच्या खाचेत फॉस्फेटच्या जागी बसू शकत नाही. द्रावणाचा सामू १० वर आणून, उकळून, थंड करून, पुन्हा सामू तपासून ते पाण्यासारखे स्वच्छ होईपर्यंत हे करावे लागते. तीन फेऱ्यांनंतर रंग गेला.

व्हॅनेडेट पंपाला कसे अडवते हे समजले की पंप कसा चालतो हेही बरेच समजते. पंपाला एटीपी धरणारे दोन खंड आहेत. एटीपी तुटून फॉस्फेट निघून गेला की रिकाम्या जागी व्हॅनेडेट घुसते आणि उरलेल्या एडीपीला आतच कोंडून ठेवते. हे दोनांपैकी एकाच खंडात झाले तरी अख्खा पंप ठप्प होतो. यावरूनच १९९५ मध्ये सीनियर आणि सहकाऱ्यांनी असे सुचवले की दोन्ही खंड एकाच वेळी एटीपी तोडत नसून आळीपाळीने तोडतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिली विश्वास ठेवण्याजोगी प्लेट. प्रत्येक खळग्यात २० मायक्रोग्रॅम पटल-प्रथिन, ४ मिलिमोलर एटीपी, मॅग्नेशियम, ३७ अंश सेल्सियस, २० मिनिटे आणि शेवटी एसडीएस घालून अभिक्रिया बंद. सर्व आकडे प्रति मिनिट, प्रति मिलिग्रॅम पटल-प्रथिन, नॅनोमोल फॉस्फेटमध्ये आहेत.

व्हेरापामिल ३० मायक्रोमोलर असताना मानवी पटलांनी एकूण ६१ फॉस्फेट सोडला आणि व्हॅनेडेटसह २४. म्हणजे पंपाच्या नावावर ३७. कोणतेही औषध नसताना एकूण ३६ व व्हॅनेडेटसह २३, म्हणजे पंपाच्या नावावर १३. नियंत्रणाच्या पटलांत हाच फरक केवळ ३ निघाला, त्यामुळे वजाबाकीवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

व्हेरापामिल हे रक्तदाबाचे व हृदयाच्या ठोक्यांचे जुने औषध असून या पंपाचे चांगले प्रवासीही आहे, त्यामुळे त्याने खर्च जवळजवळ तिप्पट होणे अपेक्षितच होते. मला अस्वस्थ केले ते मधल्या आकड्याने. नेण्यासाठी काहीच दिलेले नसताना हा पंप १३ खर्च कशावर करतो?

६ फेब्रुवारी, गुरुवार

कालचा १३ माझ्या मार्गदर्शक मॅडमना दाखवला. त्यांनी तो त्रुटी मानला नाही. शुद्ध केलेल्या प्रथिनावरही असा मूळ खर्च अनेक प्रयोगशाळांत दिसतो. त्याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात: एक, पटलातील काही मेदरेणूंनाच पंप प्रवासी समजून हलवत असावा; दुसरे, औषध नसले तरी दोन्ही खंड अधूनमधून एकत्र येऊन एटीपी तोडत असावेत. माझ्या प्रयोगातून या दोहोंपैकी काही ठरणार नाही आणि तसे भासवूही नये.

आमच्या ठाण्याच्या इमारतीत खालची टाकी रिकामी असताना पंप चालू राहतो, तेव्हा विजेचे मीटर पळते आणि वर पाणी चढत नाही. मीटर पाहणाऱ्याला हा फरक कळण्याचा काही मार्ग नाही. मी सध्या नेमकी मीटर पाहते आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एटीपीचे प्रमाण ०.१ पासून ५ मिलिमोलरपर्यंत बदलत व्हेरापामिलसह मापने घेतली. सुमारे ०.५ मिलिमोलरला वेग निम्म्यावर आला. सजीव पेशीत एटीपी साधारण २ ते ५ मिलिमोलर असते. ते ३ धरले तर पंप आपल्या कमाल वेगाच्या ८६ टक्क्यांवर चालतो आणि तेच निम्मे, म्हणजे १.५ झाले, तरी वेग ७५ टक्क्यांवरच उतरतो. घरात पैसा निम्मा झाला तरी या खर्चाला कात्री लागत नाही, असा हा पंप आहे. पेशीची चणचण ओळखून तो स्वतःला आवरत नाही.

हे आधी वेडगळ वाटले. मग १९९४ चे ॲम्स्टरडॅमचे उंदीर आठवले. या पंपाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर माइट मारण्यासाठी आयव्हरमेक्टिन फवारले आणि इतर उंदरांना न बाधणाऱ्या त्या फवाऱ्याने हे उंदीर मेले, कारण औषध थेट मेंदूत शिरले. जुलाबावरच्या लोपेरामाइडचेही तेच आहे. ते अफूच्या जातकुळीतले असूनही नेहमीच्या मात्रेत मेंदूला गुंगी देत नाही, याचे एक मोठे कारण हा पंप आहे. अशा ठिकाणच्या पंपाने काटकसर करून चालणार नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिनानिमित्त बाहेर व्याख्यान होते, मी प्लेटपाशीच थांबले. व्हेरापामिलचा आलेख हवा तसा आला: काही मायक्रोमोलरपासून खर्च चढतो, ३० ते ५० च्या दरम्यान शिखर गाठतो आणि १०० च्या पुढे पुन्हा उतरू लागतो. जास्त औषधाने खर्च कमी होणे विचित्र दिसते. पण प्रवाशांनी दारातच गर्दी केली की गाडी सुटत नाही, हे ठाणे स्थानकावर रोज पाहणाऱ्याला फारसे समजावून सांगावे लागू नये. पंपाला अडवणाऱ्या सायक्लोस्पोरिनने मात्र १३ चा मूळ खर्चही खाली आणला.

सर्वांत महत्त्वाचे वाचन कोल्चिसिनचे आहे. ५० मायक्रोमोलर कोल्चिसिनने खर्च १४ आला, म्हणजे औषध नसतानापेक्षा वेगळा म्हणण्यासारखा नाही. दोन वेळा पुन्हा लावले, तेच. आता ज्या औषधामुळे हा पंप मुळात सापडला, तेच औषध माझ्या मीटरला दिसत नाही. हाच प्रयोग अनोळखी रेणूवर केला असता तर मी बिनदिक्कत लिहिले असते की पंप याला ओळखत नाही, आणि ते साफ चुकीचे ठरले असते.

७ मार्च, शुक्रवार

देखभालीसाठी दुपारपर्यंत वीज बंद. फ्रीझर जनरेटरवर असल्याने कुप्यांची चिंता नव्हती. खिडकीपाशी बसून हिशेब केला.

३७ अंशांना भाररहित रेणू दहापट दाट बाजूकडे ढकलायला दर मोलला सुमारे ५.९ किलोजूल लागतात आणि शंभरपट फरकासाठी सुमारे १२. पेशीतल्या परिस्थितीत एक मोल एटीपी तुटल्यावर साधारण ५० किलोजूल मिळतात. म्हणजे एका रेणूमागे एकच एटीपी खर्चला तरी ऊर्जा गरजेच्या चौपट मिळते. प्रत्यक्षात पंप त्याहून जास्त खर्चतो. व्हिनब्लास्टिन या कर्करोगाच्या औषधावर १९९७ मध्ये अंबुडकर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मापनात एका रेणूमागे २.८ एटीपी आले होते. दोन जरी धरले तरी शंभरातले बाराच किलोजूल कामी येतात आणि उरलेले उष्णता म्हणून जातात. शिवाय या पंपाचे प्रवासी मेदात सहज विरघळणारे असल्यामुळे बाहेर टाकलेला रेणू पटलातून परत आत झिरपतो. भोक पडलेल्या होडीतून पाणी उपसावे तसा हा प्रकार असल्याने आत-बाहेरचा फरक पाहूनही एकूण उपसा किती झाला हे कळत नाही.

यापुढे उत्साहाच्या भरात मी आणखी एक आकडा काढला. पटलातील प्रथिनांपैकी २ टक्के पंप असेल, तर एका मिलिग्रॅममध्ये ०.१४ नॅनोमोल पंप येतो आणि ३७ ला त्याने भागले की एक पंप मिनिटाला सुमारे २६०, म्हणजे सेकंदाला चारहून थोडे अधिक एटीपी तोडतो. शुद्ध प्रथिनांवरच्या मापनांशी हे जुळतेही. मॅडमनी कागद पाहून एवढेच विचारले, "यातले २ टक्के तू मोजलेस की मानलेस?" मानले होते. आकडा वहीत राहील, प्रबंधात जाणार नाही.

१९ मार्च, बुधवार

मीटर सोडून पाण्याकडे वळले. शेजारच्या विभागात एमडीसीके पेशी वाढवल्या जातात; १९५८ मध्ये कॉकर स्पॅनियल जातीच्या कुत्रीच्या मूत्रपिंडातून त्या घेतल्या गेल्या होत्या. त्यांचे दोन संच मिळाले, एक मूळचा व एक मानवी पंपाचे जनुक घातलेला.

मापन कॅल्सिन-एएमचे. हा रेणू स्वतः चमकत नाही. पेशीत पोचून तिथल्या एस्टरेज एन्झाइमांनी त्याचे तुकडे केले की कॅल्सिन बनते आणि ते हिरवे चमकते. पंप या रेणूला पटलातच गाठून, आत उतरण्याआधीच बाहेर काढतो. तयार झालेल्या कॅल्सिनला मात्र तो हात लावत नाही. म्हणून पंप जितका कामात, तितकी पेशी अंधारी. मूळ पेशी अर्ध्या तासात चमकू लागल्या आणि पंप असलेल्या पेशी त्यांच्या जवळपास पाचव्या हिश्शावर राहिल्या. सायक्लोस्पोरिन घातल्यावर दोन्ही संचांत फारसा फरक उरला नाही.

सूक्ष्मदर्शकातून हे पाहताना पहिल्यांदा वाटले की पंप नावाची वस्तू खरोखर आहे. तोवर ती फक्त दोन निळ्या खळग्यांमधली वजाबाकी होती.

२५ मार्च, मंगळवार

आज दोन्ही वह्या एकमेकींना भेटल्या. पंप असलेल्या पेशी ग्लुकोज नसलेल्या द्रावणात ठेवून, अझाइड आणि २-डिऑक्सिग्लुकोज देऊन त्यांचा एटीपीचा पुरवठा दोन्ही वाटांनी तोडला. कोणताही रोधक न देता त्या मूळ पेशींइतक्याच चमकल्या. एस्टरेजना एटीपी लागत नसल्याने चमक वाढण्याचे कारण पंप थांबणे हेच आहे. नंतर ग्लुकोज परत दिले आणि नवीन कॅल्सिन-एएम घातले, तेव्हा चमक वाढण्याचा वेग पुन्हा मंदावला.

१८ फेब्रुवारीच्या आलेखाशी हे ताडून पाहिले. पंप गप्प करायचा तर एटीपी निम्मे करून भागत नाही, ते ०.५ मिलिमोलरच्याही बरेच खाली न्यावे लागते, आणि तिथपर्यंत पेशीचीही धडगत नसते. पंप असलेल्या गाठीला उपाशी ठेवून औषध आत घुसवता येईल, अशी माझी जानेवारीतली भाबडी कल्पना इथे संपली.

कोल्चिसिनचा तुकडा अजून बाकी होता. पेशी कोल्चिसिनमध्ये तीन दिवस वाढवून जिवंत किती राहतात हे शेजारच्या विभागाने आपल्याच एका प्रयोगासोबत पाहून दिले. मूळ पेशी ज्या मात्रेला मेल्या, त्या मात्रेत पंप असलेल्या पेशी निवांत वाढत होत्या. ज्या औषधापुढे माझे मीटर हलले नव्हते, ते पंप बाहेर टाकत होताच. ५० मायक्रोमोलरला कोल्चिसिन पंपावर इतके सैल बसते की मूळ खर्चावर पडणारी त्याची भर माझ्या पद्धतीच्या चुकीत बुडून जाते, हेच स्पष्टीकरण मला सध्या पटते. पेशीतील मात्रा त्याहून पुष्कळ कमी होती. पण तिथे तीन दिवस संथपणे बाहेर टाकले तरी पुरते, माझ्या प्लेटला वीस मिनिटेच मिळतात.

३ एप्रिल, गुरुवार

मसुद्यावर मॅडमबरोबर दोन तास. २०१८ मधील मानवी पंपाच्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रचनेवरचा परिच्छेद राहिला. त्या रचनेत दोन्ही खंडांत एटीपी न तुटता बसलेले आहे आणि तरीही पंप बाहेरच्या बाजूला वळलेला आहे. यावरून असे दिसते की औषध बाहेर ढकलणारी हालचाल एटीपी बसण्यानेच होते आणि एटीपी तुटणे पंपाला पुन्हा आतल्या बाजूकडे आणण्यासाठी लागते. मात्र त्या रचनेसाठी एटीपी तोडू न शकणारा बदललेला पंप वापरला होता, ही अट त्याच वाक्यात घालण्याचा मॅडमचा आग्रह होता आणि तो योग्य आहे.

प्रकल्पाच्या शीर्षकातील 'कार्यक्षमता' हा शब्द काढला. कार्यक्षमता म्हणायचे तर एकाच पंपाचा खर्च आणि त्याच पंपाने नेलेला माल, दोन्ही एकाच भांड्यात मोजायला हवेत. माझा खर्च अळीच्या पटलांतला आहे आणि माल कुत्रीच्या पेशींतला. त्यासाठी शुद्ध प्रथिन कृत्रिम मेदपिशव्यांत बसवावे लागेल आणि तेवढा वेळ आता नाही. शीर्षक झाले 'पी-ग्लायकोप्रोटीनचा एटीपी-खर्च व औषध-निष्कासन : दोन स्वतंत्र मापने'. आकर्षक नाही, पण खरे आहे.

९ एप्रिल, बुधवार

मानवी पटलांच्या दोन कुप्या व नियंत्रणाची एक शिल्लक आहे. त्या उणे ८० च्या फ्रीझरमध्ये तिसऱ्या कप्प्यात, निळ्या टोपणाच्या डब्यात आहेत. रंगहीन व्हॅनेडेटचे छोटे भाग करून उणे २० ला ठेवले आहेत. वितळवल्यावर पिवळे दिसले तर वापरू नयेत, पुन्हा उकळावेत. काकांनी खालच्या खणावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: 'या बाटल्यांना पावडर नाही.' ती कोणी काढू नये.